आमच्या बाजूची कबुतरं

"आमच्या बाजूला एकसुद्धा कबूतर न्हाई," इंदूआत्या म्हणाल्या आणि अर्धी चावलेली चकली त्यांनी परत ताटलीत ठेवली.

दिवाळसणाला आलेल्या नवरदेवाच्या आत्यानं चकली अर्धी टाकणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्यानं लग्नाचं शूटिंग करू नये. मी करत होतो, त्यामुळं मला कळलं. मी लॅपटॉपवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि निरागस दिसायचा प्रयत्न केला.

समोर टीव्हीवर लग्न चालूच होतं. सुरुवातीची सगळ्या लग्नाची झलक होऊन गेली होती, आता नवरीला हळद लागत होती. पाच सवाष्णी तिच्याभोवती जमल्या होत्या आणि त्यांच्या मागं, खांबाच्या शेजारी, पांढऱ्या कबुतरांची एक जोडी हवेत एका जागी थांबून पंख फडफडवत होती. दोघांच्या चोचींत मिळून एक गुलाबी बदाम होता.

"बघा की," आत्या म्हणाल्या. "हळदीला कबूतर. रुखवताला कबूतर. मघाशी तर जिलेबीच्या परातीवर कबूतर. आणि आमचा सुयोग घोड्यावर बसून येतोय, तर वर काय? मोकळं आभाळ."

"आत्या, जाऊ दे की," सुयोग म्हणाला. तो नवरदेव. त्याच्या बोलण्याला लग्नातसुद्धा किंमत नव्हती.

"जाऊ दे कसं? जिलेबीला मान आणि नवरदेवाला न्हाई?"

यजमान होते संपतआण्णा खराडे. नवरीचे चुलते, घरातले कर्ते, गावातल्या सोसायटीचे माजी चेअरमन. ते मोठ्यानं हसले. "अवो आक्का, ते कॉम्प्युटरचं असतंय. आपोआप येतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपोआप येतंय का न्हाई, कॅसेट?"

कॅसेट म्हणजे मी. माझं नाव उमेश, माझ्या दुकानाच्या पाटीवर ते दीड फुटी अक्षरात आहे. पण आमच्याकडं लग्नाच्या फिल्मला अजून कॅसेट म्हणतात, पेनड्राइव्हमध्ये दिली तरी. आणि ती करणाऱ्याला पण कॅसेटच.

"नाही आण्णा," मी म्हणालो. "एकेक हातानं लावलंय."

आण्णांच्या मिशा हसत राहिल्या. डोळे थांबले.

ती कबुतरं कशासाठी होती हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक आण्णा, दुसरा मी. आता तुम्हाला पण सांगतो, म्हणजे पुढं गोंधळ नको.

लग्न मे महिन्यात तासगावजवळच्या एका मंगल कार्यालयात झालं होतं. कॅसेट दिवाळीला झाली, म्हणजे आमच्या धंद्यात वेळेच्या आधीच. हळदीच्या सकाळी नवरीनं, धनश्रीनं, मला खिडकीपाशी बोलावलं.

"दादा, एक काम सांगते. कुणाला बोलायचं नाही."

मला वाटलं, हनुवटीवरचा फोड झाकायचा असेल. नवऱ्या तेच सांगतात.

"आई येऊ दे कॅसेटमध्ये. एकदा तरी. समोरून. बाबा गेल्यापासून तिचा एक फोटो नाही आमच्याकडं. आधार कार्डावरचा सोडून, आणि त्यात ती तीच नाही."

"आधार कार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही," मी म्हणालो. "काढतो की. त्यात काय!"

त्यात काय, ते मला दिवसभर कळत गेलं.

शालनकाकूंचा, म्हणजे धनश्रीच्या आईचा, फोटो काढण्यापेक्षा चिमणीचा पासपोर्ट फोटो काढणं सोपं. मी कॅमेरा वळवला की त्या खाली वाकायच्या, जसं काही हातातून पडलंय. नाहीतर खांबामागं जायच्या. एकदा पळायला जागाच नव्हती, तर त्यांनी भाताच्या पातेल्याचं झाकण तोंडापुढं धरलं. ज्या शांतपणे धरलं, त्यावरून कळत होतं की हे पहिल्यांदा होत नाहीये.

"काकू, झाकण जरा खाली घ्या."

झाकणाच्या मागून आवाज आला, "माझं कशाला बाळा? त्या पाच जणींचं काढ."

"त्यांचं काढलं. त्याच आता पुरे म्हणतायत."

"मग जेवलास का?"

मी जेवलो.

हळद काकूंनी भिजवली. वाटी काकूंनी आणली. पाटाच्या अलीकडं वाटी ठेवून त्या मागं सरकल्या आणि एका सवाष्णीनं ती उचलली. या बाईनं मला थोड्या वेळापूर्वी विचारलं होतं, नवरीचं नाव धनश्री की जयश्री. तिनं हळद लावली. मी ती चारी बाजूंनी टिपली, कारण मला त्याचेच पैसे मिळत होते, आणि माझं डोकं तापत गेलं. शूटिंगवाल्याचा लाइट तापला तर चालतो, डोकं तापून उपयोग नसतो. तरी तापलं.

राग कुणावर काढायचा हाच प्रश्न होता. काकूंना कुणी 'मागं हो' म्हणत नव्हतं. म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं. देवळात जाताना आपण न सांगता चपला बाहेर काढतो, तशा त्या न सांगता स्वतःला बाहेर काढून ठेवत होत्या. आणि सगळे शेजारून ये-जा करत होते, जसं काही चपलाच आहेत.

पण काकूंचा एक गैरसमज होता. मांडवात माझा दुसरा कॅमेरा होता. जिथं कार्यक्रम, तिथल्या कोपऱ्यात स्टँडवर, सगळं दिसेल असा लावून ठेवलेला. त्याच्यामागं माणूस नव्हता. आणि ज्याच्यामागं माणूस नाही तो कॅमेरा बंद असतो, असं काकूंना वाटत होतं. माझ्यापासून पळून त्या दिवसभर त्याच्यासमोर मोकळ्या वावरल्या.

मी मनात म्हणालो, झालं धनश्रीचं काम.

जूनमध्ये आण्णा 'कुठवर आलंय' बघायला दुकानात आले. खुर्चीत बसले, स्वतःला फेट्यात बघून खूश झाले. मग त्यांचं बोट वर झालं.

"हे कोण?"

"कोण?"

"हे मागं."

"शालनकाकू."

त्यांना माहीत होतं. गेली कित्येक वर्षं त्या त्यांच्याच घरात राहत होत्या.

"काढून टाक."

"कुठनं?"

"कॅसेटमधनं. मंगल कार्य हाय. पाहुणे बघणार. पोरीचा संसार आत्ताशी चालू झालाय. उगं कशाला?"

'उगं कशाला' हा आमच्या भागातला फार सोयीचा शब्द. विधवा म्हणायचं नसलं की तो वापरतात. तोंड स्वच्छ राहतं.

"माझा तिच्यावर राग न्हाई हां," आण्णा म्हणाले. "भाऊ गेल्यापास्नं दोघींचं सगळं मीच बघितलंय. पर रीत ती रीत."

खरंच बघितलं होतं त्यांनी. धनश्रीची फी, कपडे, लग्न, सगळं. म्हणूनच माझा संताप अजून वाढला. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"कापतो," मी म्हणालो. "पण ही व्याहीभेट बघा. तुम्ही व्याह्यांना मिठी मारताय आणि मागं काकू हारांचं ताट धरून उभ्या आहेत. काकू कापल्या की तुम्ही पण गेला."

आण्णा पुढं सरकले. "आणि फेटा बांधतोय ते?"

"फेट्याचं कापड त्यांनीच पुढं केलंय."

"आणि माझं भाषण?"

"भाषणात तुम्हाला ठसका लागला, तेव्हा पाणी घेऊन कोण आलं?"

आण्णांनी बराच विचार केला. आपण कमी दिसायचं की भावजय जास्त दिसायची, असा तो पेच होता.

"मग झाक काहीतरी," शेवटी ते म्हणाले. "तुमच्यात असतंय न्हव ते? फुलं, पानं, कबुतरं."

"कबुतरं लावू?"

"लाव की. शुभ असतंय. जिथं जिथं दिसंल तिथं लाव. एक बी सोडू नको."

मी रागात असलो की फार आज्ञाधारक होतो.

माझ्याकडं कबुतरांची एकच जोडी होती, सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेली. तीच सगळीकडं लावली. काकू लांब असल्या की कबुतरं चिमणीएवढी, जवळ आल्या की घारीएवढी. काकू जिना चढल्या, कबुतरं जिना चढली. काकू वाकल्या, कबुतरं वाकली. काकूंचा नुसता हात ताट पुढं करत आला, तर त्या हातावर पण जोडी, बदामासकट. एक बी सोडू नको म्हणाले होते.

आणि झाकता झाकता माझ्या लक्षात आलं की मी ही फिल्म चुकीची समजत होतो. सुरुवातीला नाव येत होतं 'धनश्री आणि सुयोग', सनईवर, गुलाबाच्या पाकळ्यांत. पण नवरा-नवरीला सोडून नुसत्या कबुतरांकडं बघत गेलं, तर खरं लग्न कळत होतं. कबुतरं उजाडायच्या आत सगळ्यांच्या आधी हॉलवर आली होती. कबुतरांनी रांगोळी काढली. कबुतरं आचाऱ्याशी मिठावरून भांडली. रुसून बसलेल्या मावशीपाशी कबुतरं जमिनीवर बसली आणि तिला उठवून घेऊन आली. शेवटच्या पंगतीनंतर सगळे झोपले आणि कबुतरं पत्रावळ्या गोळा करत राहिली. नवरा-नवरी मधेमधे यायचे.

ही सगळी कबुतरं मी एका वेगळ्या पट्टीवर ठेवली होती. लॅपटॉपवर त्या पट्टीच्या टोकाला डोळ्याचं एक बारकं चित्र असतं. डोळा उघडा ठेवला की पट्टीवरचं दिसतं. मिटला की त्याच्या खालचं दिसतं. हे मी मुद्दाम केलं असं नाही, सगळे तसंच करतात. पेनड्राइव्ह पाठवून न देता लॅपटॉप घेऊन स्वतः दिवाळसणाला गेलो, ते मात्र मुद्दाम. 'कच्ची प्रत आहे, बघून बदल सांगा,' असं सांगून मी वायर टीव्हीला जोडली.

तर अशी सगळी तयारी होऊन चकली ताटलीत पडली होती.

टीव्हीच्या वर भिंतीवर दोन फोटो होते, धनश्रीचे वडील आणि आण्णांच्या सौभाग्यवती. दोघांना चंदनाचे सारखेच हार. खाली सोफ्यावर इंदूआत्या, सुयोग आणि धनश्री. आण्णा खुर्चीत. शालनकाकू स्वयंपाकघराच्या दारात, निम्म्या आत, निम्म्या बाहेर, हातात करंज्यांचा डबा. पाहुण्यांच्या ताटलीत काही संपलं की त्या बाहेर येत, वाढून परत दारात जाऊन थांबत. टीव्हीकडं त्यांचं लक्ष होतं, पण शेजाऱ्यांच्या टीव्हीकडं असतं तसं.

धनश्री सुरुवातीपासून पुढं सरकून बसली होती. ती आईला शोधत होती. प्रत्येक वेळी कबुतरं आली की तिची मान थोडी वाकडी व्हायची, जसं काही बाजूनं बघितलं तर दिसेल. मग तिला कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. 'दादा, तुम्ही पण?' एवढंच त्या बघण्यात होतं. मी नजर लॅपटॉपवर नेली. मला तिला सांगायचं होतं की थांब. पण आण्णा समोर होते.

"एकेक हातानं लावलंय म्हणतोय तो," इंदूआत्या म्हणाल्या. "म्हंजे बघून बघून आम्हाला वगळलंय."

"तसं न्हाई, आक्का."

"मग कसं? रुखवतावर लावलं, समजू शकते. तुमच्या आचाऱ्याच्या डोक्यावर लावलंय! आमच्या सुयोगचे मामा आचाऱ्यापेक्षा खालचे का?"

"कॅसेट," आण्णा घाईनं म्हणाले, "त्यांच्याकडं बी लाव की धा-पाच. लगेच लागतात न्हव?"

"लागतात आण्णा. कुणावर लावू?"

"कुणावर बी लाव!"

"असं कुणावर पण नाही लावता येत. तुम्हीच सांगितलेलं ना, कबूतर कुठं लावायचं ते? त्यांच्यात तसं कोण आहे ते विचारून घ्या, मी लावतो."

आत्यांची मान आण्णांकडं वळली. "तुम्ही सांगितलं? तुम्ही ठरवलं कुणाला कबूतर द्यायचं?"

आता आण्णांच्या कपाळावर घाम आला. कबूतर मानाचं म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान. मानाचं नाही म्हणावं तर मग कसलं, ते सांगावं लागणार. ते माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं बघायला लागलो. मला काही घाई नव्हती.

"आमच्या मोहित्यांच्या घराण्याला आजवर अशी वागणूक कुणी दिली न्हाई," आत्या म्हणाल्या. त्यांनी ताटली उचलली आणि जमिनीवर ठेवली. टीपॉय रिकामा असताना.

आण्णा ओरडलेच. "काढ! काढ ती कबुतरं! न्हाई तुमच्याकडं, न्हाई आमच्याकडं. सगळी काढ!"

"सगळी?"

"सगळी म्हणतोय न्हव!"

"नक्की आण्णा? परत मला बोलायचं नाही."

"अरे काढ की! कसली येडपट कल्पना म्हणायची ही! कबुतरं कशाला पायजेत लग्नात?"

शपथेवर सांगतो, आत्यांच्या रुसव्याच्या धास्तीत त्या क्षणी त्यांच्या लक्षातच नव्हतं. जूनपासून दिवाळीपर्यंत त्यांनी दुकानात येऊन येऊन कबुतरं बघितली होती, बरोबरच्या लोकांना दाखवली होती, कौतुक करून घेतलं होतं. त्यांच्या खाली काय आहे ते झाकायला सांगणारा माणूसच विसरून गेला होता.

मी फिल्म परत हळदीवर आणली आणि डोळा मिटला.

पडद्यावरची कबुतरं गेली आणि खांबाच्या शेजारी शालनकाकू उभ्या होत्या. समोरून. स्वच्छ. ज्या हातानं हळद भिजवली तो पिवळा हात त्यांनी पदरात गुंडाळला होता, आणि सवाष्णींच्या डोक्यांवरून, टाचा उंच करून, त्या बघत होत्या. लेकीच्या गालाला हळद लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा गाल त्या पदरातल्या हातानं पुसला.

मी फिल्म पुढं नेली. व्याहीभेटीत काकू. पंगतीत वाढताना काकू. जिलेबीच्या परातीशी काकू, मुंडी हलवत आचाऱ्याला 'पाक पातळ झालाय' सांगताना. रुसलेल्या मावशीपाशी जमिनीवर काकू. मग मी मंगलाष्टकांवर येऊन थांबलो. तिथं मी सगळ्यात बारकी कबुतरं लावली होती, इतक्या लांब होत्या त्या.

अंतरपाट धरलेला. स्टेजभोवती गर्दी. पहिल्या रांगेत मधोमध संपतआण्णा, फेट्याचा तुरा सगळ्यांत उंच. आणि पार मागं, भांडी घासायच्या जागेकडं जाणाऱ्या दारात, काकू एकट्या. त्यांची मूठ मिटलेली.

'शुभ मंगल सावधान' झालं, गर्दीनं अक्षता टाकल्या. काकूंनी पण टाकल्या. जोर लावून टाकल्या. पण मधे अख्खा हॉल होता. अक्षता चार हातांवर त्यांच्याच पुढं फरशीवर पडल्या.

प्रत्येक कडव्याला त्यांनी तसंच केलं. टाळ्या वाजल्या, बँड सुरू झाला, सगळे स्टेजकडं पळाले. काकू खाली बसल्या आणि कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून त्या अक्षता एकेक वेचून परत मुठीत घ्यायला लागल्या.

दारात डबा पडल्याचा आवाज झाला. मी वळलो. काकूंनी टीव्हीवर स्वतःला बघितलं होतं, आणि बघताक्षणी त्या खाली वाकून दाराआड झाल्या होत्या. स्वतःच्याच फोटोपासून.

"आई," धनश्री उठली. "आई, तो मागचा कॅमेरा होता. त्याच्यामागं कुणी नव्हतं. ये बाहेर."

ती आत गेली आणि हाताला धरून काकूंना घेऊन आली. सोफ्यावर बसवलं, स्वतःच्या जागेवर. काकू अगदी कडेला टेकल्या. त्यांनी टीव्हीकडं बघितलं, मग खाली, मग परत बघितलं.

"मी होते की लग्नात," त्या म्हणाल्या.

त्यांनी हे कुणाला उद्देशून म्हटलं नाही. एखादी हरवलेली वस्तू घरातच सापडावी, तसं म्हटलं.

इंदूआत्या इतका वेळ पडद्याकडं आणि विहीणबाईंकडं आळीपाळीनं बघत होत्या. आता त्या माझ्याकडं वळल्या. "थांब रे कॅसेट. म्हंजे कबूतर मानाचं न्हवतं?"

"नाही आत्या. झाकण होतं."

"आणि मी एवढा येळ आमच्यासाठी झाकणं मागत होते?"

"हो आत्या. मामांसाठी पण."

आत्यांचा चेहरा लाल झाला. त्या अशा सरळ झाल्या की सोफ्याची स्प्रिंग वाजली. "संपतराव, आमच्या विहीणबाईंना झाकायला आमची परवानगी घेतली होती का?"

"आक्का, तुमचाच विचार केला की. तुम्हा लोकांना वाईट वाटू नये म्हणून..."

"मला कशाचं वाईट वाटंल ते तुम्ही ठरवणार? वाईट वाटून घ्यायला मी समर्थ हाय! आत्तापतुर सगळ्या लग्नांत माझं मी वाटून घेतलंय!"

"बरं, ऱ्हायलं," आण्णा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात वर केले. सोसायटीच्या सभेत शेवटी करतात तसे. "बाकी कुठं नको झाकायला. दिसू दे. पर अक्षता पडताना तरी लाव बाबा. तेवढी येळ शुभ असती. तेवढं तरी शास्त्र पाळू. शालन, तुला तर पटतंय न्हव?"

सगळे काकूंकडं बघायला लागले. त्यांना कशाचंही पटायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा.

"पटतंय की आण्णा," काकू म्हणाल्या. "लावू दे त्यांना."

धनश्रीनं डोळे मिटून घेतले.

काकू टीव्हीकडं बघत होत्या. पडद्यावर मी मंगलाष्टकं परत मागं आणून थांबवली होती, पहिल्या रांगेत आण्णांचा हात अक्षतांसकट वर.

"आण्णांवर पण लाव रे बाळा," त्या मला म्हणाल्या. "जाऊबाईंना जाऊन वर्ष झालं."

टोमणा मारल्यासारखं नाही. आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं, तसं. शास्त्र पाळायचं म्हणाले, तर कुठं राहिलंय ते त्यांनी दाखवून दिलं.

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या, टीव्हीच्या वरच्या फोटोंकडं. दोन हार. सारखेच.

आण्णांनी पण वर बघितलं. मग खुर्चीवरून उठले, धोतराचा सोगा सारखा केला आणि पाण्याची मोटर बघून येतो म्हणून बाहेर गेले. लाइट नव्हती शेताकडं त्या वेळी, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं नाही.

"दादा," धनश्री म्हणाली, "तसंच लावा."

"कसं?"

"आई म्हणते तसं, आण्णांवर. तिच्यावर नको."

सुयोगनं आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. तो म्हणाला, "भाषणाला पण."

काकूंनी डबा उचलला, पडलेल्या करंज्या बाजूला केल्या आणि पाहुण्यांच्या ताटलीत चांगल्या दोन वाढायला वाकल्या. इंदूआत्यांनी त्यांचा हात धरला. "बसा हो तुम्ही. मघाशी पंगतीत वाढताना बघितलं न्हवं का! बास झालं." आणि ताटली जमिनीवरून उचलून स्वतःच वाढून घेतलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. माझी कॅसेट त्या घरात अजून लावतात, धनश्रीची पोरगी तर कबुतरांसाठीच बघते. शालनकाकू त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसतात, अक्षता वेचतानासुद्धा. आण्णा दोन ठिकाणी दिसत नाहीत. मंगलाष्टकांत पहिल्या रांगेत एक मोठी पांढरी जोडी फडफडत असते आणि तिच्यावर फेट्याचा तुरा. भाषणात पण तसंच. आवाज मात्र मी ठेवलाय. भाषणाच्या मधे कबुतरांना ठसका लागतो आणि एक बाई पाणी घेऊन येते.

आण्णांनी मला त्यावर कधी एक शब्द विचारला नाही. रस्त्यात भेटले की आता उमेश म्हणतात.

इंदूआत्या तेवढ्या माझ्यावर अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, काही झालं तरी कबुतरं शेवटी मुलीकडच्यांनाच मिळाली.